तीन पडद्यांचं विमान

"एक मोठा वाकडा घ्या, नाहीतर तीन सरळ घ्या, कॅप्टनसाहेब. पण काय ते आज ठरवा. रविवार परवावर आलाय," नियाज म्हणाला आणि त्याने गोपाळकृष्ण रिसबुडांना खुर्चीत बसवलं.

शनिवार पेठेतलं पहिल्या मजल्यावरचं कॉम्प्युटरचं दुकान. घरबसल्या विमान चालवायच्या खेळाची नियाजने टेबलावर जय्यत मांडणी केली होती. एका अंगाला लांबलचक वाकडा मॉनिटर, दुसऱ्या अंगाला खेटून लावलेले तीन. पायाशी पेडल.

"वाकड्यात मधे रेघ येत नाही. तिनात दोन काळ्या रेघा येतात, पण मान वळवली की बाजूची खिडकी दिसते. मला एक सांगा, तुमच्या सीटवरून पंखाचं टोक दिसायचं का? त्यावर बाजूच्या मॉनिटरचा कोन लावतो."

गोपाळकृष्णांनी चष्मा काढून पुसला. लोहगावच्या विमानतळावर चौतीस वर्षं काढली होती त्यांनी, पण वैमानिकाच्या खुर्चीत एकदाही बसले नव्हते. दोन हातांत लाल फळ्या घेऊन ते भर उन्हात विमानासमोर उभे राहायचे आणि खुणा करकरून ते जागेवर आणून लावायचे. पंखाची टोकं त्यांनी जन्मभर पाहिली, ती समोरून.

"दिसायचं की," ते म्हणाले. "म्हणजे, थोडंसं."

हे लचांड त्यांनी स्वतःच गळ्यात घेतलं होतं. पाच वर्षांपूर्वी येरवड्याहून सदाशिव पेठेत राहायला आले, तेव्हा शेजारच्या दिगंबररावांनी विचारलं, "आपण काय, पायलट का?" आणि गोपाळकृष्ण नुसते हसले. बस्स. त्या हसण्याचं 'कॅप्टन' झालं. पंधरा ऑगस्टला झेंडा त्यांच्या हातून, पत्रिकेवर नावामागे कॅप्टन. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि हेही फांद्या धरून वर गेले. त्यांच्या पत्नी श्यामलाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "नाही म्हणायला कुणी तोंड दाबलं होतं का?" पुढे त्यांनी तो विषय सोडला, आणि ते गोपाळकृष्णांना जास्त लागलं. आता दिगंबररावांनी टूम काढली होती. रविवारी सगळी सोसायटी ह्यांच्या घरी येणार, कॅप्टन मॉनिटरवर विमान उडवून दाखवणार. वर्षभर जुन्या लहानशा मॉनिटरवर गोपाळकृष्णांनी चोरून सराव केला होता. उड्डाण जमत होतं, उतरणंही बेताचं जमत होतं. विमान जागेवर नेऊन लावायची वेळ आली की मात्र ते खेळ बंद करून टाकत. का, ते त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

"आमचे अब्बाही विमानतळावरच होते," कोन लावता लावता नियाज सांगू लागला. "सामान चढवायचे, चाकांना ठोकळे लावायचे. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो मी. अहो, विमान उडतं ते सगळ्यांना दिसतं, पण ते जागेवर थांबवून ठेवायला कुणीतरी लागतोच ना? मैनुद्दीन त्यांचं नाव. डबा घेऊन येतीलच आता."

ते नाव गोपाळकृष्णांच्या चांगल्याच ओळखीचं होतं. काहीतरी निमित्त काढून निघावं म्हणून ते उठले, तोच जिन्यात पावलं वाजली. उजवा खांदा खाली गेलेला, हातात डबा. वीस वर्षं गोपाळकृष्णांनी फळ्या दाखवायच्या आणि मैनुद्दीननी ठोकळे लावायचे, अशी त्यांची जोडी होती. फळ्या डोक्यावर आडव्या जुळल्याशिवाय विमानाखाली कुणी शिरायचं नाही, आणि खालून "लागले!" अशी हाक आल्याशिवाय फळ्या उतरवायच्या नाहीत, असा त्यांचा रिवाज. "गोपाळचे हात जुळल्याशिवाय मी माझ्या बापाचंही ऐकणार नाही," असं मैनुद्दीन सगळ्यांना बजावत. गोपाळकृष्णांची आई शेवटच्या आजारात होती, तेव्हा नऊ दिवस ह्या माणसाने आपली पाळी करून त्यांचीही केली होती.

"अब्बा, हे कॅप्टन रिसबूड. तुमच्याच विमानतळावर होते. ओळखता का?"

मैनुद्दीननी पाहिलं. त्यांचे डोळे क्षणभर हसले, ओठावर नाव आलं. गोपाळकृष्णांनी नजर फिरवून मॉनिटरकडे वळवली.

"नाही बा," गोपाळकृष्णच आधी म्हणाले. "आमची कधी गाठ पडली नसावी."

 मग मैनुद्दीन सावकाश बोलले, "बरोबर आहे साहेबांचं. आम्ही खालची माणसं. आपल्याला वरून कुठे दिसणार?" आणि डबा मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

त्यांनी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. गोपाळकृष्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तिनावर बघा एकदा," नियाज म्हणाला. "उतरलेलंच विमान देतो. नुसतं जागेवर नेऊन लावा."

नको म्हणायला तोंड उरलं नव्हतं. तिन्ही मॉनिटरवर विमानतळ पसरला. दूर समोर एक चिमुकला माणूस दोन लाल फळ्या घेऊन उभा होता. तो आपल्याकडे बोलावत होता, मग वळायची खूण करू लागला. गोपाळकृष्णांनी पेडल दाबलं.

"उलटं, साहेब! डावीकडे!"

त्यांनी आणखी जोरात दाबलं. विमान आणखी उजवीकडे गेलं. जन्मभर विमानाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाचं डावं-उजवं ते, एका वर्षाच्या सरावाने थोडंच फिरणार? बाजूच्या मॉनिटरमध्ये पंख दिव्याच्या खांबावर निघाला होता. "थांबा, ब्रेक!" नियाज ओरडला. गोपाळकृष्णांना ब्रेक सुचला नाही. ते ताडकन उठले आणि त्यांचे दोन्ही हात डोक्यावर जाऊन एकमेकांवर आडवे जुळले.

कोपऱ्यात स्टूल सरकलं. मांडीवरचा डबा खणखणत जमिनीवर पडला. मैनुद्दीन कमरेत वाकून, दुखऱ्या गुडघ्यांनिशी दोन पावलं पुढे आले होते. दोन्ही हात खाली, मुठी ठोकळ्याची दोरी धरल्यासारख्या वळलेल्या.

मॉनिटरवर विमान खांबाला धडकून थांबलं. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"अब्बा?" नियाज म्हणाला. "कुठे निघालात?"

मैनुद्दीन तसेच वाकून उभे होते. त्यांना आपण काय केलं ते कळलं होतं, पण सरळ होववत नव्हतं.

"नियाज," गोपाळकृष्ण म्हणाले. हात वरच होते. "मी कधी विमान चालवलं नाही रे. मी हा असा उभा राहायचो. खाली, तुझ्या अब्बांच्या समोर. मघाशी खोटं बोललो मी. पाच वर्षं बोलतोय."

नियाज एकदा ह्यांच्याकडे, एकदा अब्बांकडे बघत राहिला. "काका, हात तरी खाली घ्या."

गोपाळकृष्णांनी मान हलवली. दंड भरून आले होते. ते मैनुद्दीनकडे बघत होते, आणि मैनुद्दीन जमिनीवर सांडलेल्या कालवणाकडे. 

"लागले, गोपाळ," मैनुद्दीन वर न बघता म्हणाले.

मग गोपाळकृष्णांनी हात खाली घेतले.