शंभराच्या लेन्सवरचा तेलाचा थेंब

मी सूक्ष्मदर्शक बोलतोय. ज्याला तुम्ही बिनदिक्कत ‘दुर्बीण’ म्हणता, तोच. दुर्बीण लांबचं दाखवते, मी बारीक. पण तुमच्या जिभेला कोण आवरणार?

कारखान्यात दोन बायकांनी माझ्या लेन्स मोठ्या निगुतीने घासल्या आणि मी गेलो कॉलेजात. तिथे पोरं हवेचा बुडबुडा बघून वहीत पेशी काढायची आणि सर त्यावर सही ठोकायचे. एकाने तर स्वतःच्या पापणीच्या केसांचं चित्र काढून खाली ‘शैवाल’ लिहिलं. त्याला दहापैकी आठ मिळाले.

माझं काम साधं आहे. खालून उजेड येतो, काचेवरच्या वस्तूतून आरपार जातो. वरची लेन्स तिची मोठी प्रतिमा बनवते, डोळ्याजवळची ती आणखी मोठी करते. पण नुसतं मोठं करून भागत नाही, शेजारचे दोन ठिपके दोन दिसावे लागतात. धुकं मोठं केलं तर मोठं धुकंच मिळतं. हे मठ्ठ डोक्यांत शिरेल तर शपथ.

भाऊबंदांचा तोरा तर विचारूच नका. एक जण रंग न देता जिवंत पेशी दाखवतो, तो गुणी आहे. दुसऱ्याला चमकणारे रंग आणि अंधारी खोली लागते. आणि तो इलेक्ट्रॉनवाला! उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत, आतली हवा काढून टाका, नखरेच नखरे. विषाणूसुद्धा दाखवतो, मान्य. पण त्याच्या पोटात जिवंत काही टिकत नाही.

पुढे मी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आलो. इथे शंभराच्या, म्हणजे शंभर पट मोठं करणाऱ्या लेन्सने रक्त बघायचं, तर काच आणि लेन्स यांच्यामध्ये तेलाचा थेंब हवाच. हवेत शिरताना उजेड वाकून फाकतो, तेलातून तो सरळ लेन्समध्ये येतो. चाळिसाच्या लेन्सला मात्र तेल चालत नाही. एकदा कुणीतरी नेमकी चाळिसाची लेन्स तेलात बरबटवली. प्रयोगशाळेच्या साहेबांनी काय करावं? भिंतीवर कागद चिकटवला, ‘कोणत्याही लेन्सला तेल लावू नये.’ खाली सही, शिक्का.

सगळ्यांनी माना डोलावल्या. चार महिने माझ्यातून धुकं बघत बसले आणि ‘जंतू आढळले नाहीत’ असं लिहीत राहिले. शिकलेली माणसं ही!

मग बाळंतपणाची रजा संपवून इथली तंत्रज्ञ ताई कामावर आली. त्याच दिवशी एक बस ड्रायव्हर आपल्या मुलीचे कागद घेऊन खिडकीशी उभा होता.

“ताई, तिसरा रिपोर्ट हा. काही नाही म्हणतात. मग पोरगी रोज थंडीतापाने थडथड उडते ती कशाने? नऊ दिवस झाले.”

ताईने भिंतीवरचा कागद वाचला. “सर, शंभराने कोरडंच बघता तुम्ही?”

“दिसतं की!” साहेब म्हणाले. “थोडं अंधुक, एवढंच. फारच वाटलं तर इलेक्ट्रॉनवर पाठवू.”

“महिना जाईल त्यात. पोरगी थांबेल का तोवर?”

उत्तराची वाट न बघता तिने मुलीच्या रक्ताची काच काढली, तेलाचा थेंब टाकला, उजेड वाढवला. लाल पेशीत निळसर अंगठी, तिला एक लाल खडा. मलेरिया. ड्रायव्हर कागद घेऊन धावतच सुटला. औषध सुरू झालं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

साहेबांनी कागद काढला, चूक काही कबूल केली नाही. “झालं ते झालं, जुन्या काचा कशाला उकरतेस?” म्हणाले. ताई ऐकेना. आता रोज दुपारी डबा खाऊन झाला की ती कपाटातली त्या चार महिन्यांच्या काचांची पेटी उघडते.

काल अकराव्या काचेवर तिला तीच अंगठी दिसली. तिने रजिस्टरमधला नंबर फिरवला. काच ज्या बाईंची होती, त्यांची सून पलीकडे होती. सासूबाई जाऊन तीन आठवडे झाले, म्हणाली. ताईने फोन ठेवला, डोळे पुसले आणि बाराव्या काचेवर तेल टाकलं.

माणसांची मला कीव येत नाही, चीड येते. तरी आज विनवतो. मला पुसायचं, झाकायचं राहू द्या. साहेब, तुम्हीही खुर्ची ओढून इथे बसा. अजून दोनशे आठ काचा उरल्यात.