माझं इथं कोणी नाही

असे जवळ सरका. सतरंजी मोठी आहे, आणि मागं बसणाऱ्याला निम्मंच ऐकू येतं. आज देवादिकांचं आख्यान नाही, एका इस्पितळाचं सांगतो. मन लावून ऐका, शेवटी तुमच्याकडं काही मागणार आहे.

त्या इस्पितळात कुणाच्या चुकीनं मेलेला माणूस खाट सोडत नसे. देह घरी जाई, अग्नी मिळे, तेरावा होई, आणि तो मात्र पाय खाली सोडून आपल्या खाटेवर बसलेलाच. झालेली चूक अहवालात खरी लिहिली जाईपर्यंत त्याला हलता येत नसे. इस्पितळातल्यांना तो दिसत नसे. बाहेरून येणाऱ्याला दिसे, पण येत ते घरचेच, आणि घरच्यांचं म्हणणं मोजणीत धरत नसत. बाहेरचे तपासनीस वर्षातून एकदा येत, वॉर्डात न जाता ऑफिसात पोहे खात आणि चुकीनं मेलेल्यांच्या रकान्यात इस्पितळानं दिलेलं शून्य उतरवून घेत. तिथल्या कागदावर लिहिलेलं खरं होत असे, म्हणून ते शून्यही खरं होतं.

अठरा नंबरच्या खाटेवर विश्वंभर सातपुते तीन वर्षं बसला होता. कीर्तनात पेटीची साथ करायचा. बुवांचा श्वास संपायच्या आत सूर भरून ठेवायचा, असा भला माणूस. त्याची मूळ खाट सतरा, पंख्याखालची. अठरावरचे आजोबा उकाड्यानं तळमळत होते, म्हणून त्यानं खाट बदलून दिली. दुपारी अठरा नंबरचं इन्सुलिन आलं. तिथं माणसाला नंबरानंच ओळखायची रीत, आणि विश्वंभर झोपला होता; सुई त्यालाच टोचली. कागदावर आलं, हृदय बंद पडले.

त्याची बायको कुमुद दर गुरुवारी त्याच्यापाशी बसून येई.

"पाय भरून येतात गं बसून बसून," तो म्हणे. "मला जाऊ दे आता."

कुमुदनं शाळेतली नोकरी सोडली, तपासनीसाची परीक्षा दिली, आणि तिसऱ्या वर्षी फाइल घेऊन त्याच दारातून आत आली.

"बसा मॅडम, आधी पोहे," वॉर्डच्या खरात सिस्टर म्हणाल्या.

"आधी वॉर्ड बघते."

"अगंबाई, यंदा चालणाऱ्या मॅडम आल्या म्हणायच्या! मग ही सही करा. नियमच आहे, तपासणारा परका हवा."

कागदावर एकच ओळ होती. 'या इस्पितळात माझं कोणी नाही.'

कुमुद तो कागद घेऊन अठराव्या खाटेपाशी गेली. "अहो, यावर सही केली तर…"

विश्वंभरनं चष्मा कपाळावर ढकलून वाचलं. "खाली बारीक अक्षरात आणखी काही नाही ना?"

"चेष्टा नका करू."

"बरं. मला ओळखशील?"

"नाही."

"मग भांडणही मिटलं. माझी पेटी माळ्यावर टाकलीस म्हणून रुसलो होतो."

"दुसरं कोणीतरी लिहील. पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी पोहे खाणारा येईल, कुमुद." त्यानं लुंगी जरा वर ओढली. गुडघ्यापर्यंत पाय लोखंडाचे झाले होते, खाटेच्याच पांढऱ्या रंगाचे. "कर सही."

तिनं आधी आपल्या प्रश्नांच्या यादीत लिहिलं: 'खाट अठरा. इथं थांबायचंच. सुई देताना नाव विचारलं होतं का?' मग त्याच्याकडं पाहून घेतलं. पोटभर पाहून होईना, तेव्हा तसंच अर्ध्यावर टाकून सही केली.

मान वर केली तर समोर एक टक्कल पडलेला गृहस्थ बसलेला.

"नमस्कार काका. नाव काय आपलं?"

"विश्वंभर रामचंद्र सातपुते."

"सुई देताना कुणी नाव विचारलं होतं?"

"नाही बाई."

त्यानं सगळं सांगितलं. तिनं सगळं लिहिलं; पंखा, आजोबा, बदललेली खाट, सुई. वेळ दोनदा विचारून घेतली. ओळीमागून ओळ उतरत गेली तसा त्याच्या पायांवरचा रंग जाऊन कातडी दिसू लागली.

"घरी कोण असतं?"

त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "तो रकाना मोकळा राहू द्या."

तिनं मोकळा ठेवला. उठताना तिचा पदर खाटेच्या दांड्यात अडकला. विश्वंभर तीन वर्षांनी उभा राहिला, आणि सवयीनं वाकून त्यानं आधी तो पदर सोडवला.

"असू द्या, मी काढते," ती अंग चोरून म्हणाली आणि एकोणिसाव्या खाटेकडं वळली.

विश्वंभर वॉर्डच्या दारापर्यंत चालत गेला. उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "येतो हं."

आपल्यात 'येतो' म्हटल्यावर घरच्या माणसानं 'या' म्हणायचं असतं. त्याशिवाय उंबरा ओलांडवत नाही. कुमुद एकोणीसवाल्याचं नाव विचारत होती.

अहवाल छापून आलाय. शून्याच्या जागी एक आहे, आणि तो एक खरा आहे. विश्वंभर अजून दारात उभा आहे, चप्पल घालून. कुमुदला सांगायला जाऊ नका, तिनं लिहून दिलंय. आठवण काढील तो घरचाच, म्हणून तुम्हीच आज घरी जाताना विश्वंभर सातपुत्यांची आठवण काढा, आणि मनातल्या मनात एकदा 'या' म्हणा.