जुळलेली वाटी

मंदिरासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. उजेडबाबा नावाच्या गृहस्थाने लालसिंगच्या मुलीच्या, उज्ज्वलाच्या, गुडघ्याचा एक्स-रे उन्हात धरला होता. “पाहा मायबाप, वाटी दुभंगली. डॉक्टर कापते, आपण जोडतो. सुई नाई, टाका नाई, पथ्यबी नाई.” वाटीच्या कोपऱ्यातली फट सगळ्यांना दिसली. मग फिल्म भगव्या शालीत गेली, बाबा घुमला, शाल उज्ज्वलाच्या उजव्या गुडघ्यावरून फिरली आणि आतून निघाली सलग, गुळगुळीत वाटी. फिल्मच्या कोपऱ्यावर बाबाने कुंकवाचा जाड टिळा लावला आणि बजावलं, हा पुसला की केलेलं सगळं पुसलं. बायाबापे रडले. मला मात्र राग आला. मला तो लवकर येतो.

मानोऱ्याजवळच्या या तांड्यावर मी शाळामास्तर आहे. उज्ज्वलाला कारंज्याच्या हाडांच्या डॉक्टरांकडे मीच नेलं होतं. तिच्या उजव्या गुडघ्याची वाटी जन्मापासूनच जुळली नव्हती. एक तुकडा सुटाच राहिला होता. पुष्कळांना असं असतं आणि कधी कळतही नाही, हिचं मात्र दुखायचं. विश्रांती झाली, व्यायाम झाले, उतार पडला नाही. उरली शस्त्रक्रिया. तुकडा मोठा असता तर स्क्रूने बसवला असता, काहींचा नुसता ओढणारा स्नायू सैल करतात. हिचा लहान तुकडा काढून टाकायचा असं डॉक्टरांनी ठरवलं. ताडून पाहायला त्यांनी दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे काढले होते. तारीख ऊसतोडीच्या आधीची मिळाली होती. पोरीला पोलीस भरतीत धावायचं होतं, आणि तिचं सगळं त्या तारखेवर अडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी लालसिंगच्या घरी गेलो. फिल्म देव्हाऱ्यात होती. दुसरी कुठे, असं विचारल्यावर उज्ज्वलाची आई गोमतीबाई म्हणाल्या की बाबाने शुद्ध करायला चमत्काराच्या आदल्या दिवशी दोन्ही नेल्या आणि ही एकच परत दिली. मी ती काढली आणि अंगठ्याने कुंकू पुसलं. गोमतीबाईंनी डोळे गच्च मिटले. आमच्याकडे लावलेलं कुंकू कुणी आपल्या हाताने पुसत नाही, हे बाबाला पक्कं ठाऊक होतं.

खाली उजवा-डावा सांगणारं अक्षर निघालं. ते डाव्याचं होतं, आणि उलटं. मी फिल्म पालथी केली, अक्षर सुलट झालं. शालीत फिल्म बदलली होती. निरोगी डावा गुडघा उलटा धरून उजवा म्हणून दाखवला होता.

“लालसिंगभाऊ, हा डावा गुडघा आहे. याला कधी काही झालंच नव्हतं.”

त्याने फिल्म हातात घेऊन बराच वेळ पाहिली. त्याला समजलं होतं, मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

“बा, माहा गुडघा दुखूनच राह्यला,” उज्ज्वला म्हणाली.

“मंग काल काहून नाई बोलली?”

“तू रडून राह्यला होता.”

मला वाटलं, जिंकलो. पण काल अख्ख्या तांड्यासमोर हा माणूस आनंदाने नाचला होता. आज त्याच तांड्याला ‘मी फसलो’ म्हणून सांगणं त्याच्याच्याने होईना. शेवटी तो माझ्याकडे न पाहता बोलला, “मास्तर, कुंकू पुसाले नोतं पायजे. आता दुखून राह्यलं, ते तुमच्यानं.”

संध्याकाळपर्यंत तांडाभर तेच झालं. वाटी जुळली होती, मास्तरने फोडली. मी घरोघर फिल्म घेऊन फिरलो, पालथी-सुलटी करून दाखवली. लोक मान डोलवायचे आणि दार लावायचे. लालसिंगने पोरीला कारंज्याला नेलंच नाही, शस्त्रक्रियेची तारीख गेली. ऊसतोडीचा ट्रक आला तेव्हा उज्ज्वला बऱ्या पायावर चढली आणि दुसरा पाय हातांनी उचलून आत घेतला. आता हंगामभर त्याच गुडघ्यावर उसाच्या मोळ्या वाहायच्या. भरतीचं वय कुणासाठी थांबत नाही.

मला कुणाचा देव हिरावून घ्यायचा नाही. इतकंच म्हणणं आहे, की कुणी काही झाकून ‘पुसू नका’ म्हणालं तर तेच आधी पुसून पाहा. आणि चमत्कार झाला की बाबाला नमस्कार करण्याआधी ज्याचं दुखतं त्याला विचारा, दुखायचं थांबलं का? त्या दिवशी एवढी माणसं जमली होती, उज्ज्वलाला हे एकानेही विचारलं नाही. मी तर तिचा मास्तर, मीही नाही.