मागितलेला बाप्तिस्मा

कॉलिन आणि जूडिथ हे जोडपं न्यूझीलंडहून कामशेतला आलं, तेव्हा जन्मापासून हातपाय नीट न चालणाऱ्या मुलांसाठी तालुक्यात काहीच सोय नव्हती. पुण्याच्या एका संस्थेनं बाजारपेठेमागे भाड्याच्या घरात उपचार केंद्र काढलं आणि ते या दोघांच्या हाती दिलं. कॉलिन फिजिओथेरपिस्ट. जूडिथ मुलांना घास गिळायला, बोलायला शिकवायची. पवनानगरच्या बाजूनं बायका शेअर जीपमध्ये मुलं मांडीवर घेऊन यायच्या. जूडिथची त्यांनी जुडीताई करून टाकली होती.

दोघंही बाप्टिस्ट पंथाची ख्रिस्ती होती. त्यांच्या गावच्या चर्चनं त्यांना मिशनरी म्हणूनच पाठवलं होतं. पण व्हिसा होता केंद्रातल्या कामाचा, आणि धर्मप्रचार करणार नाही असं दोघांनी लिहून दिलं होतं. ते वचन त्यांनी पाळलं. प्रार्थना घरात, दार लोटून. चर्चमधून फोन यायचा, प्रभूकडे कोणी आलं का, असं विचारायचे. कॉलिन सांगायचा, "लायबा आधाराशिवाय उभी राहिली." पलीकडे थोडं थांबून कोणी तरी म्हणायचं, "छान."

लायबा ही बेकरीवाल्या युनूसची मुलगी. तिला उभं करण्यात कॉलिनइतकाच रुपालीचा हात होता. रुपाली तिकोणा पेठ या गावची. आधी ती केंद्रात झाडलोट करायला आली, मग बघून बघून शिकली, आणि गेली काही वर्षं निम्मी मुलं तीच सांभाळत होती. लग्न मोडून माहेरी परतलेली, कमी बोलणारी बाई.

एका दुपारी मुलं गेल्यावर ती कॉलिनसमोर येऊन उभी राहिली.

"सर, मला बाप्तिस्मा घ्यायचाय."

कॉलिनला वाटलं, आपल्याला मराठी नीट कळलं नाही.

"मॅडमच्या कपाटातलं मराठी बायबल मी वाचते. दोन वर्षं झाली. मला कोणी सांगितलं नाही, माझं मीच वाचलं. तुमच्यात जाणत्या माणसानं स्वतः मागायचं असतं ना? मी मागतेय. तुमच्या हातून हवाय."

संध्याकाळी त्यानं हे जूडिथला सांगितलं. "इतकी वर्षं आपण गप्प राहिलो, आणि तरीही कोणीतरी आलं. जूडिथ, आपण याचसाठी आलो होतो."

"तू तिला बाप्तिस्म्यासाठी पवना धरणाच्या पाण्यात उतरवलंस की महिन्याभरात आपल्याला जायला सांगतील," जूडिथ म्हणाली. "केंद्राला टाळं लागेल. मग लायबाला कोण बघणार?"

"म्हणजे तिला नाही म्हणू?"

"तू लिहून दिलं आहेस. मीही दिलं आहे."

"ते सरकारला दिलं. देवाला काय सांगू?"

ताटं तशीच राहिली.

कॉलिनला वाटलं, निदान रुपालीच्या वडिलांच्या कानावर हे जायला हवं. तो तिकोणा पेठेला गेला. तिचे वडील बाजीराव तळेगावच्या कारखान्यातून निवृत्त होऊन शेती बघत होते. ओटीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. त्यांनी कॉलिनला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"मला म्हायती हाय," ते म्हणाले. "तिनं आदी मलाच सांगितलं."

"आबा, तुम्ही रागावलात?"

"राग न्हाई सायब. आमचा बाप गावच्या येशीभाईर राह्यचा. छप्पन सालानंतर त्यानं देव्हारा उचलला आन् पवनेत सोडला. तवा हे धरन न्हवतं. गावानं वाळीत टाकला, पर मागं सरला न्हाई. आमी येकदा धर्म बदलला तो मानूस म्हनून उभं राहन्यासाटी. आता माजी पोरगी म्हनती, ते पुरं पडत न्हाई. मला येवडंच कळत न्हाई, काय कमी पडलं?"

या प्रश्नाला काय म्हणावं, हे कॉलिनला त्याच्या चर्चमध्ये कोणी शिकवलं नव्हतं.

"ती तुमचं ऐकती," बाजीराव म्हणाले. "तुमी न्हाई म्हना."

पुढच्या आठवड्यात रुपालीला बाप्तिस्मा हवाय ही गोष्ट आपोआपच पसरली. दोन अनोळखी तरुण केंद्रात येऊन भिंतींचे फोटो काढून गेले; भिंतीवर क्रूस नव्हता, मुलांनी काढलेली चित्रं होती. काही आयांनी येणं थांबवलं. लायबाची आई नसीम एकटीच आली आणि दारातच उभी राहिली.

"जुडीताई, मला तुमच्यावर शंका नाही. पण हे म्हणतात, थोडे दिवस नको. आपण आधीच लोकांच्या नजरेत असतो."

"तिचे व्यायाम घरी कराल ना?"

"करीन," नसीम म्हणाली. पण लायबाचे पाय पुन्हा आखडायला लागतील, हे दोघींनाही माहीत होतं.

त्याच दिवशी कॉलिननं रुपालीला बोलावून नाही सांगितलं. कारणं दिली: मुलं, व्हिसा, लिहून दिलेलं वचन. एकही कारण खोटं नव्हतं.

रुपालीनं शांतपणे ऐकलं. "तुम्ही समुद्र ओलांडून आलात सर. मी आमच्या आबांना ओलांडून आले. आणि आता तुम्ही म्हणता, थांब."

"मी थांब म्हणत नाही. माझ्या हातून नको, एवढंच म्हणतो."

"तेच तर मागितलं होतं," ती म्हणाली आणि गाद्या आवरायला गेली.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी जूडिथ पुण्याला खरेदीला म्हणून गेली आणि संध्याकाळी परतली. तिनं पिशवीतून ओला टॉवेल काढून दोरीवर टाकला.

"रुपालीचा बाप्तिस्मा झाला," ती म्हणाली. "पुण्याच्या चर्चमध्ये, मराठी पाळकांच्या हातून. तिच्याबरोबर कोणीच नव्हतं. मी मागे उभी होते. पाण्यातून वर आल्यावर तिला टॉवेल दिला."

कॉलिननं टॉवेलकडे पाहिलं. "तूच म्हणालीस नको म्हणून."

"केंद्रासाठी म्हणाले होते. पण ती एकटी बसमध्ये चढताना मला बघवलं नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू आला असतास, कॉलिन. आणि मागे उभा राहिला नसतास."

हे खरं होतं, म्हणूनच त्याला जास्त लागलं. त्या दिवसापासून दोघांच्या बोलण्यात काहीतरी तुटलं. प्रार्थनेला शेजारी बसत, पण ज्याचं तो मनात म्हणे.

बाजीराव एकदा केंद्रात आले. "तुमी दिला का?" त्यांनी कॉलिनला विचारलं.

"नाही, आबा."

"मी तिथं होते," जूडिथ म्हणाली. "पण ती स्वतः गेली."

बाजीराव तिच्याकडे वळले. "खरं बोललात," ते म्हणाले. "माज्याकडनं कुनाला तक्रार जानार न्हाई." आणि आले तसे गेले.

तक्रार त्यांनी केली नाही. दुसऱ्या कोणी केली, की कोणीच केली नव्हती, हे कळलंच नाही. पावसाळ्यानंतर व्हिसाची मुदतवाढ नाकारली गेली. कारण दिलेलं नव्हतं. संस्थेनं केंद्र रुपालीकडे सोपवलं. निरोपाला नसीम लायबाला घेऊन आली. लायबा भिंतीला धरून उभी राहिली, पण भिंत सोडली नाही. जूडिथनं तिच्या टाचा हातात धरून पाहिल्या आणि नसीमला पुन्हा सगळे व्यायाम दाखवले, जसं काही उद्या भेटायचंच आहे.

आता कॉलिन न्यूझीलंडमध्ये एका वृद्धाश्रमात काम करतो. चर्चमध्ये त्यांचा सत्कार झाला. पाळकांनी रुपालीचं नाव घेतलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. जूडिथ उठून बाहेर गेली.

कॉलिन मधूनमधून रुपालीला फोन करतो. मागच्या वेळी त्यानं विचारलं, "आबा बोलतात का?"

"ताट वाढलं की जेवतात. मी आजारी होते तर दवाखान्यात घेऊन गेले. बोलत नाहीत."

"मुलं?"

"निम्मी परत आली. लायबा सोमवारपासून येणारे."

"रुपाली, आता माझ्यावर कसलंच बंधन नाही. मला कोणी अडवू शकत नाही. आपण मिळून प्रार्थना करू या?"

पलीकडून जीप थांबल्याचा आवाज आला, बायकांचं बोलणं, एका मुलाचं रडणं.

"नंतर, सर," रुपाली म्हणाली. "मुलं आलीत." तिनं फोन ठेवला.