कै. पारुबाई आडे

दर रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला माझं वार्तापत्र ग्रुपवर पडतं. ‘लोकनृत्य वार्ता, हिंगोली जिल्हा’. तीनशे चाळीस माणसं आहेत त्यात. कोणत्या पथकाला कुठलं आमंत्रण आलं, शिबिर कुठे आहे, कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाकडे घुंगरू जास्तीचे पडलेत, सगळं. शेवटी आगामी कार्यक्रम आणि त्याखाली ‘संकलन : भागवत गुरुजी’. ही ओळ मी कधी विसरत नाही. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा लोक नमस्कार करायचे थांबले होते, वार्तापत्र निघाल्यावर परत करायला लागले. मला स्वतःला नाचता येत नाही. लग्नाच्या वरातीतसुद्धा मी कडेने चालणारा माणूस.

कळमनुरीच्या अलीकडे एक तांडा आहे. तिथल्या पारुबाई आडे यांचा होळीचा व्हिडिओ मी वार्तापत्रात टाकला. बासष्ट वर्षांची बाई लेंगी, म्हणजे होळीचं गाणं, गात गोल फिरतेय आणि तिच्यामागे तांड्यातल्या बाया. बंजाऱ्यांच्या या नाचात गाणारी वेगळी आणि नाचणारी वेगळी असं नसतं. जी नाचते तीच गाते. तो व्हिडिओ कुठून कुठे फिरला देव जाणे, पण हंगेरीतल्या एका बाईंपर्यंत पोचला. त्या तिकडच्या लोकनर्तकांसाठी माझ्यासारखंच वार्तापत्र काढतात. म्हणजे जगात आणखी एक रिकामटेकडा निघाला. त्यांनी तो महोत्सवाच्या लोकांना दाखवला आणि एप्रिलमध्ये पत्र आलं. ऑगस्टमध्ये बारा जणांचं पथक घेऊन या, व्हिडिओतल्या बाईंना आणा.

पत्र माझ्याकडे आलं. ते मी पारुबाईंकडे न्यायच्या आधी किशनरावांकडे नेलं. बिघडलं ते इथून.

किशनराव म्हणजे हिंगोलीतल्या आमच्या सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष. शेती मोठी, आवाज त्याहून मोठा. त्यांची सून राजनंदिनी नाचाचा क्लास चालवते. पत्र वाचून त्यांनी चष्मा काढला.

“मास्तर, तांड्यातल्या बायांना घेऊन कुठं फिरता? आपल्या क्लासच्या पोरी हायेत की. राजनंदिनी धरून धा जणी, मी अकरावा, आन् बारावी तुमची पारुबाई. तिलाच बोलावलंय ना? मग झालं बराबर.”

मलाही ते बराबर वाटलं. आयत्या बिळात नागोबा कसा शिरतो ते मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि वर त्याला बीळ दाखवायलाही मीच गेलो होतो.

पारुबाईंनी मात्र मनावर घेतलं. पासपोर्टसाठी नातीला, निलमला, घेऊन दोनदा नांदेडला जाऊन आली. घागऱ्याचे निखळलेले आरसे पुन्हा टाचून घेतले. मला विचारायची, “तिथल्या बाया बी गोलच फिरत्यात का, गुरुजी?” मी म्हणायचो, फिरतात. ती म्हणायची, “मग मला जमन.” नवरा गेल्यापासून ही बाई तांडा सोडून कळमनुरीच्या बाजारापलीकडे कामाशिवाय गेलेली नव्हती, आणि आता तिला हे एकच हवं होतं, की आपला नाच आपण जाऊन दाखवावा. ती ते लपवतही नव्हती. शेजारणींना सांगत सुटली होती.

मे महिन्यात पंधरा दिवस ती हिंगोलीला येऊन क्लासच्या पोरींना शिकवत होती. पोरी पावलं शिकल्या. गाणं काही येईना. बंजाऱ्यांची गोरमाटी बोली त्यांच्या तोंडात बसेना, एक तर हसायलाच लागायची. शेवटी किशनराव मला म्हणाले, “सरावापुरतं बाईचं गाणं रेकॉर्ड करून आणा.”

मी तांड्यावर गेलो. पारुबाई खाटेवर बसून सुरू करायची आणि दोन ओळींत थांबायची. तीनदा असं झालं. मग ओशाळून म्हणाली, “बसून येतच न्हाई, गुरुजी.” उठली, पायात वाळे घातले, आणि त्या एवढ्याशा खोलीत एकटीच गोल फिरत गायला लागली. मी फोन धरून तिच्या मागे मागे फिरत होतो. पंधरा मिनिटं. निलम दारात उभी राहून हसत होती. तेव्हा मीही हसलो होतो.

जूनच्या शेवटी किशनरावांनी बोलावून घेतलं. “गाणं तर आलं हातात. आता बाईचं काय काम? तिथं तकलीफ व्हईल तिला, खाणंपिणं, थंडी. एक जागा रिकामी झाली. तुमचं इंग्रजी बरं हाय. तुमी चला.”

नाही म्हणायला हवं होतं. इतकं साधं होतं ते. पण माझा पासपोर्ट घरात पडून होता, दुबईला नेतो म्हणून मुलाने काढून दिलेला, सात वर्षं कोरा. मी विचारलं, “स्वेटर किती लागतील?”

पारुबाईंना मी सांगितलं की तुमचा व्हिसा आला नाही. अर्जच केला नव्हता, येणार कुठून! तिने घागऱ्याची घडी उलगडून परत घातली. मग म्हणाली, “मग पोरी गातील कशा?”

“तुमचा आवाज आहे की फोनमध्ये.”

“म्हंजे आवाज जाणार आन् मी हितंच?”

मी उठलो. उठताना तिने दिलेला चहा सांडला तो तसाच राहिला.

हंगेरीत पहिल्याच दिवशी महोत्सवाच्या कचेरीत, आमंत्रणावर सही असलेल्या उंच बाईंनी आम्हाला थांबवलं. नियम असा होता की संगीत समोर, जिवंतच हवं. वाजवणारे आणा, गाणारे आणा, नाहीतर मंचावर जाता येणार नाही. रेकॉर्ड केलेलं गाणं चालेल ते फक्त दिवंगत कलाकाराचं, श्रद्धांजली म्हणून. आणि व्हिडिओतल्या त्या बाई कुठे आहेत?

किशनराव पटकन म्हणाले, “शी एक्सपायर्ड.” मला समजायच्या आत दुसऱ्यांदा, “एक्सपायर्ड, मॅडम. लास्ट मंथ.”

त्या बाईंचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पत्रव्यवहार माझ्याशी होता, विश्वास माझ्यावर होता. “खरं आहे का हे?” असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. राजनंदिनी आणि पोरी मागे नटूनथटून उभ्या होत्या.

मी मान हलवली. तोंडाने एक शब्द बोललो नाही, म्हणून खोटं बोललो नाही असं मी विमानात स्वतःला समजावत आलो. चाळीस वर्षं पोरांना मूल्यशिक्षण शिकवलेला माणूस मी.

त्यांनी फोटो मागितला. माझ्याच फोनमधून घेतला, मोठा करून छापला, कुणीतरी प्रेमाने फुलं आणली. किशनरावांनी त्या फुलांचा हार करवून फोटोला घातला. नाचाच्या आधी मंचावर माझ्या इंग्रजीत दोन वाक्यं झाली आणि तीन-चारशे परकी माणसं एक मिनिट स्तब्ध उभी राहिली. एक म्हातारी डोळे पुसत होती. मीही उभा होतो, हात पुढे बांधून. मग स्पीकरमधून पारुबाई गायली, वाळ्यांसकट, आणि पोरी हसऱ्या चेहऱ्याने नाचल्या. टाळ्या थांबेनात. आम्हाला प्रमाणपत्र मिळालं.

त्याच रात्री किशनरावांनी तो हारवाला फोटो, समोर उभ्या माणसांसकट, ग्रुपवर टाकला. ‘स्वर : कै. पारुबाई आडे. सातासमुद्रापार आदरांजली.’ तीनशे चाळीस माणसांची बोटं एकदम चालली. भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. जोडलेल्या हातांची नुसती रांग. निलमचा नंबर ग्रुपमध्ये होता हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी फोन बंद करून ठेवला.

परतल्यावर आठ दिवसांनी चॉकलेटचा डबा घेऊन तांड्यावर गेलो. पारुबाई दारात मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने निलमला फोन आणायला लावला आणि फोटो माझ्यासमोर धरला.

“हे लोक काहून उभे राहिले, गुरुजी?”

चोराच्या मनात चांदणं. मी म्हणालो, “तुमच्या मानासाठी. तिकडे तशी पद्धत आहे.”

“आन् हार?”

मी चॉकलेटचा डबा पुढे सरकवला.

“फोटोला हार कवा घालतेत ते तांड्यातल्या माणसाला बी कळतं.” ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. “माझ्या दिराचा फोन आला पुसदहून, रडून राहिला होता. मीच उचलला. तर भेला तो. काय सांगायचं त्याला?”

“दादी रात्री उठून आरशात बघून राहिली होती,” निलम म्हणाली. तिने माझ्या डब्याला हात लावला नाही.

“मला कुठं जायचं न्हाई आता,” पारुबाई म्हणाली. “येवढं करा. निलमनं सांगितलं तर लोक म्हणतेत, पोर दुःखात बोलून राहिली. तुमच्या त्या बातमीत एक डाव लिहा. पारुबाई जित्ती हाय. बस. दुसरं काई नगं.”

“येत्या रविवारी लिहितो,” मी म्हणालो.

किशनरावांना विचारायला गेलो, ही माझी दुसरी चूक. ते म्हणाले, “लिहा की. मग प्रमाणपत्र वापस मागतील, जिल्ह्याचं नाव जाईल, आन् मान कोणी हलवली ते बी लोक इचारतील. माझं इंग्रजी कच्चं हाय, मास्तर. माझ्याकडून चूक होऊ शकते. तुमचं काय?”

तो रविवार गेला. त्याच्या पुढचाही गेला. दर शनिवारी मी ती ओळ लिहायचो, ‘पारुबाई आडे सुखरूप आहेत’, आणि दर रविवारी पावणेनऊला पुसायचो. नवरात्रात नांदेडच्या एका कॉलेजात तिला दरवर्षी बोलावत. यंदा दुसऱ्या बाईला बोलावलं आणि निलमला सांत्वनाचा फोन केला. कळमनुरीच्या मेळाव्याने तिच्या नावाची फिरती ढाल ठेवली. ती बातमीही मीच दिली, ‘आगामी कार्यक्रम’ या सदरात.

दिवाळीनंतर हिंगोलीत लोकनृत्याचं शिबिर होतं. दारात टेबल मांडून क्लासमधली प्रियंका नावं लिहून घेत होती आणि मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. समोरून पारुबाई आली. सोबत कोणी नव्हतं. घागरा तोच, आरसे टाचलेला.

प्रियंकाने मे महिन्यात पंधरा दिवस हिच्याकडूनच पावलं घेतली होती. ती दचकून उभी राहिली. “अगं बाई! ह्या... पारुबाई तर वारल्या ना, गुरुजी?”

मागे रांगेत वीसेक माणसं होती. सगळी ग्रुपमधली. सभागृहात किशनराव माइक तपासत होते. पारुबाई प्रियंकाकडे बघतच नव्हती.

“त्येंना इचार,” ती म्हणाली. “सगळ्यांच्या बातम्या तेच लिहितेत.”

आणि मग ती माझ्याकडे बघत थांबली. घाई नव्हती तिला. एक वाक्य होतं, ते मी तीन महिने दर शनिवारी लिहिलेलं होतं, तोंडपाठ होतं.

“बहीण आहे त्यांची,” मी म्हणालो. “धाकटी. दिसायला अगदी सारख्या.”

“हां, तरीच!” प्रियंका खाली बसली. “नाव काय लिहू?”

पारुबाई माझ्याकडेच बघत होती. म्हणून तेही मलाच सांगावं लागलं. “सखुबाई लिही.”

प्रियंकाने लिहिलं आणि वही फिरवून पुढे केली. पारुबाईंना सही येते, पासपोर्टच्या अर्जावर केलेली मी पाहिली होती. तिने शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि सखुबाईच्या नावापुढे उमटवला.

प्रियंका मनाने चांगली पोरगी. तिने पारुबाईंचा शाईचा हात तसाच धरला. “मावशी, तुमच्या बहिणीचं फार वाईट वाटलं हो आम्हाला. त्यांनीच शिकवलं आम्हाला सगळं.”

“व्हय, बाई,” पारुबाई म्हणाली. “गात बी चांगली होती.”