बनूचं बोट कोणी धरायचं

शामकांत मास्तर शाना मानूस, असं सगळं गाव म्हनतं. म्हनू द्या बापडं! माझ्या आंधळ्या भाचीला शिकवायला आला आन् पयल्याच दिवशी पाटी तिच्या तोंडासमोर धरून म्हनतो कसा, "बनू, इकडं बघ. हा 'ग'." मी कपाळाला हात लावला.

लढाईचे दिवस ते. पुण्याला आंधळ्या पोरांची शाळा हाय, आन् अक्षरओळख झाली तर तिथं बनूला घेतील, ही खबर त्यानंच आनली, तेवढं मातर खरं. न्हाईतर पोर जन्मभर चुलीमागं बसली असती.

"अवो मास्तर, तिला दिसत न्हाई," मी म्हनलं. "तिचं बोट धरा आन् अक्षरावरनं फिरवा."

झालं! मास्तर इंचू चावल्यागत मागं सरला. माझा भाऊ छगन, बनूचा बाप, वट्ट्यावरनं तरातरा आत आला. "आक्का, पोर वयात यायला लागलीया. परक्या बाप्यानं हात धरला तर सोयरीक कोन करंल?"

"सोयरीक! दारात नवरदेवांची रीघच लागलीया न्हवं? हाकलून हाकलून दमले बाई मी!"

बाप्यांची अक्कल तेवढीच. शेवटाला मीच मास्तरापुढं बसले. त्यानं पाटीवर काढायचं, मी बघून शिकायचं, आन् मग सुपात बाजरी पसरून बनूचं बोट धरून गिरवायचं.

"या वयात जमेल का?" मास्तरानं नाक मुरडलं.

"तुमाला जमलंय म्हंजे लई अवघड नसनार."

छगन तवर वट्ट्यावर बिड्या वढायचा. एक दिवसबी आत डोकावला न्हाई. पोर मातर हरखली हुती. माझ्याआधी तिला जोडाक्षरं यायला लागली.

दिवाळी सरली. मास्तर बनूला न्यायला बैलगाडी घेऊन आला, तर छगन दारात आडवा. "नगं. लोक म्हनतील, छगननं आंधळी पोर टाकून दिली."

"लोक येत्यात व्हय तुझी पोर सांभाळायला?" मी वरडले. मास्तर टोपी सारखी करीत हुबा. म्हनं शाना मानूस!

बनू चाचपत पुढं आली. बापाचा पंजा उघडून त्याच्यावर बोटानं सावकाश लिवलं.

"काय लिवलं गं, आक्का?"

मला कळलं हुतं. पन सांगते काय! "माझ्यावानी आत येऊन बसला असतास तर कळलं असतं."

बनूनं परत लिवलं. छगन तळहाताकडं टक लावून बघत ऱ्हायला. धडधाकट डोळ्यांचा बाप्या, आन् पोटच्या पोरीचा एक शब्द वाचता येईना. पंजा मिटायला लागला त्याचा. लाज वाटली आसंल. वाटायलाच पायजे.

ते बनूला कळलं. तिनं बापाचंच बोट धरलं आन् त्याच्याच दुसऱ्या तळहातावर फिरवलं. "आबा, हा श. हा त्याचा काना. आता ळ. घाई नगं करू. हा त्याचा काना."

"शाळा," छगन पुटपुटला, आन् दारातनं बाजूला झाला.