शनिवारची बाई

दर शनिवारी माझा नवरा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून एका परक्या बाईकडे जायचा आणि मी त्याला धुतलेला रुमाल काढून द्यायचे. वसईजवळच्या उमेळ्यातली सासऱ्यांची, म्हणजे दादांची, वाडी बिल्डरला देऊन आम्ही तिथेच उठलेल्या इमारतीत राहायला आलो, त्या वर्षीची ही गोष्ट. तेजसच्या छातीत धडधडायचं. कार्डिओग्राम चांगला आला, रक्त चांगलं आलं, तेव्हा डॉक्टरांनी त्याला वसईतल्या ऋतिका नावाच्या काउन्सेलरकडे पाठवलं.

सासूबाईंनी बजावलं, वेड्यांच्या डॉक्टरकडे जातो हे बाहेर कळता कामा नये. मला वेडाची भीती नव्हती. वेड लागलं असतं तर निदान माझ्यापाशी बडबडला तरी असता. घरात हा माणूस जेवताना मीठसुद्धा बोट दाखवून मागायचा आणि तिच्याकडे तासभर बसायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी मी सालोमीला सांगितलं. ती आमची जुनी शेजारीण, वाडीच्या कुंपणापलीकडची. तिने समजावलं की आम्ही ख्रिस्ती लोक फादरपुढे पापं कबूल करतो तसंच हे असणार. आत बोललेलं फादर कुणालाही सांगत नाहीत, आणि माणूस हलका होऊन येतो. धीर द्यायला म्हणाली बिचारी, पण मी भलताच हिशोब मांडला. कबूल करायचं म्हणजे पाप हवंच. आणि इतके शनिवार पुरणारं पाप बाईखेरीज दुसरं कसलं असणार?

आमच्याकडे वैद्याकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. मी ठेवणीतली साडी नेसले, सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा घेतला आणि त्या ऋतिकाच्या दारात जाऊन उभी राहिले. ती माझ्याहून लहान होती आणि देखणी होती. मी सरळच विचारलं, त्याने काय केलंय ते सांगा. तिने मला बसवलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की ते त्यांनाच विचारा. सुकेळीसुद्धा घेतली नाहीत. उठताना वाटलं, माझ्या नवऱ्याच्या मनाची किल्ली हिच्या पर्समध्ये आहे आणि मी दारातून परत चालले आहे.

संध्याकाळी मी तेजसला धरलंच.

"माझ्याशी नाही ते तिच्याशी काय बोलता?"

"काही नाही," तो म्हणाला. "बरेच शनिवार तर मी नुसता बसून आलो. ती सारखं काय झालं, काय झालं करत नाही. बसू देते."

बाई नव्हती, पाप नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी आणखीच पेटले. सकाळपासून झोपेपर्यंत काय झालं, काय झालं करणारी मीच होते. त्यालाच मी माया समजत होते. तिने बोलून त्याला जिंकलं असतं तर मी भांडले असते. गप्प बसण्याशी कसं भांडायचं?

मग मीही हट्टाने गप्प बसले. जीभ नुसती वळवळत होती. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तरी उठले नाही.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "आपण बसलोय ना, इथे दादांची विहीर होती. बिल्डरच्या माणसांबरोबर उभं राहून मीच बुजवून घेतली. दादा तेव्हा ओट्यावरून बघत होते."

"हे तिला सांगितलंत?" माझ्या तोंडून गेलंच.

"नाही अजून," तो म्हणाला, आणि रडायला लागला.

मी त्याला जवळ घेतलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवताना मला वाईट वाटायला हवं होतं. मला जिंकल्यासारखं वाटत होतं.